स्पेलिंग सुधारायला निघालात? आधी या चुका टाळा

चवथीची सुट्टी लागली किंवा ऑक्टोबर उजाडला की मुक्त-स्रोत प्रकल्पांकडे एक ठरावीक पॅच, म्हणजे सुचवलेल्या बदलांचा गठ्ठा, येतो. दोनशे-तीनशे फाइलींत बदल, कमिट (गिटमधली बदलाची नोंद) एकच, शीर्षक 'टायपो सुधारल्या'. पाठवणारा बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, गोव्यातल्या फर्मागुढीचा असो की पुण्याचा. टायपो शोधणारं साधन चालवलं दोन मिनिटं, निकाल वाचला शून्य मिनिटं. देखभाल करणाऱ्याला मात्र त्या फाइली एकेक करून वाचाव्या लागतात, कारण त्यांत दहाबारा ठिकाणी काहीतरी मोडलेलं असणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

त्याच त्या चुका खाली दिल्या आहेत. पहिल्या दोन सर्वांत महाग पडतात, म्हणून त्यांच्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

इंग्रजी सुधारलं, मराठी गायब झालं

गेटटेक्स्ट हा भाषांतराचा साधनसंच वापरणाऱ्या प्रकल्पात मूळ इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते. प्रत्येक भाषेच्या पीओ (भाषांतराच्या) फाइलीत 'एमएसजीआयडी'पुढे इंग्रजी वाक्य आणि 'एमएसजीएसटीआर'पुढे मराठी. प्रोग्राम चालताना इंग्रजी वाक्य अक्षर न् अक्षर जुळलं तरच मराठी दिसतं.

आता कुणी सी फाइलीतलं 'सेपरेट' नीट केलं. 'पी'नंतर 'ई' पडला होता, तिथे 'ए' आणला. काम रास्तच. पण पुढच्या वेळी नवी इंग्रजी वाक्यं पीओ फाइलींत मिसळणारं एमएसजीमर्ज चालतं तेव्हा त्याला जुन्या किल्लीसारखी, पण तीच नसलेली किल्ली दिसते. ते जुनं भाषांतर टाकून देत नाही, त्यावर 'फझी', म्हणजे 'तपासून घ्या', अशी खूण मारतं. आणि एमएसजीएफएमटी अंतिम फाइल बनवताना फझी नोंदी वगळतं. मराठी इंटरफेस लावून बसलेल्या माणसाच्या खिडकीत मग मधलीच एक ओळ इंग्रजीत उगवते. मराठी वाक्यात काहीच चुकलं नव्हतं, तरी शिक्षा त्यालाच.

जर्मन किंवा फ्रेंचला मोठे गट असतात. ते अशा खुणा दोन दिवसांत तपासून काढतात. मराठीचं काम बहुतेक ठिकाणी एकदोन माणसांवर चालतं, कोकणीचं त्याहून कमी. त्यांच्या फाइलीत फझी पडलेलं वाक्य पुढच्या आवृत्तीतही तसंच इंग्रजी राहतं. असे चाळीस टायपो एका दमात सुधारले की चाळीस वाक्यं गेली, तीही प्रत्येक भाषेत.

यावर उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. सुधारणेला हात घालण्याआधी जुनी पीओटी फाइल (नुसत्या इंग्रजी वाक्यांचा साचा) बाजूला कॉपी करून ठेवा. मग कोडमधलं स्पेलिंग बदला आणि नवी पीओटी काढा. एमएसजीमर्जच्या आधी पीओ४ए संचातलं एमएसजीअनटायपॉट चालवा: 'ओ' पर्यायाला जुनी पीओटी, 'एन'ला नवी, पुढे सगळ्या पीओ फाइली. ते फक्त किल्ली बदलतं, भाषांतराला शिवत नाही. अट एकच, दोन्ही पीओटींत टायपोखेरीज दुसरा कुठलाही फरक नको. मध्येच कुणाचं नवं वाक्य घुसलं असेल तर ते आधी वेगळं काढा.

सेड या शोधा-आणि-बदला साधनानं हेच करणारे लोक एका जागी हमखास अडकतात. पीओ फाइलीत लांब वाक्य अनेक ओळींत तुटलेलं असतं, आणि मोडणी प्रत्येक भाषेच्या फाइलीत सारखीच असेल याचा भरवसा नाही. शोधायचे दोन शब्द एका फाइलीत एकाच ओळीत सापडतात, दुसरीत दोन ओळींत. म्हणून आधी एमएसजीकॅटच्या 'नो-रॅप' पर्यायानं सगळ्या ओळी सलग करायच्या. शेवटी एमएसजीएफएमटीला 'स्टॅटिस्टिक्स' पर्याय देऊन प्रत्येक फाइलीतल्या भाषांतरित, फझी आणि रिकाम्या नोंदींचे आकडे घ्या. सुधारणेआधीचे आणि नंतरचे आकडे तंतोतंत सारखे हवेत. एकानंही फरक पडला तर पॅच पाठवू नका.

सगळ्या फझी खुणा सरसकट पुसून टाकणारा शॉर्टकटही आहे, एमएसजीअॅट्रिबचा 'क्लिअर-फझी'. त्याचा मोह टाळा. त्या फाइलीत तुमच्या टायपोशी संबंध नसलेल्या जुन्या फझी नोंदीही असतात, आणि त्या खरोखर चुकीच्या असू शकतात. इंग्रजीत 'हटवा'चं 'लपवा' झालं असेल, मराठीत अजून 'हटवा'च असेल, आणि तुम्ही त्यावर 'बरोबर' असा शिक्का मारून मोकळे होता. वापरणाऱ्याला हे बटण दाबल्यावरच कळतं.

भाषांतर वेबलेट या ऑनलाइन साधनावर चालत असेल तर आधी तो घटक लॉक करा, साठलेले बदल रिपॉझिटरीत ढकला, मग फाइलींना हात लावा. स्ट्रिंग फ्रीझ (आवृत्तीआधी दिसणारी वाक्यं बदलायला बंदी) जाहीर झाला असेल तर दिसणाऱ्या वाक्यातला टायपो पुढच्या आवृत्तीपर्यंत तसाच राहू द्या.

देवनागरीत शब्द कुठे संपतो हे साधनाला कळतं, असं समजणं

आता मराठी फाइलीतलं शुद्धलेखन. कुणाला 'चुक' दिसतं, 'चूक' हवं असतं. शोधा-आणि-बदला चालवलं की 'चुकीचा पासवर्ड'चा 'चूकीचा पासवर्ड' होतो. मराठीत उपान्त्य दीर्घ अक्षर सामान्यरूपात ऱ्हस्व होतं: चूक-चुकीचा, मूळ-मुळात, वीज-विजेचा. 'शक्ति'चं 'शक्ती' करायला गेलं की 'शक्तिशाली'चं 'शक्तीशाली' होतं, कारण समासातलं तत्सम पूर्वपद ऱ्हस्वच राहतं. हे नियम नवे नाहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली, १९७२ मध्ये चार नियमांची भर पडून ते अठरा झाले.

जरा शहाणा माणूस म्हणतो, शोधात शब्दसीमेची खूण घालतो, म्हणजे पूर्ण शब्दच सापडेल. इथेच खरी गंमत आहे. पायथनच्या अंगभूत 'आरई' मॉड्यूलला अक्षर म्हणजे स्वर, व्यंजन आणि अंक एवढंच कळतं. वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार ही चिन्हं त्याच्या हिशेबी अक्षरं नाहीत. म्हणजे 'चुकी'मधल्या 'क' आणि 'ी' यांच्यामध्ये त्याला शब्द संपलेला दिसतो, आणि 'चुक' तिथे खुशाल जुळतं. जावास्क्रिप्टमधली शब्दसीमा तर रोमन अक्षरांपलीकडे पाहतच नाही. रस्ट भाषेचं रेजेक्स (शोधाच्या नमुन्यांचं) इंजिन, आणि म्हणून त्यावर चालणारं रिपग्रेप हे शोधसाधन, मात्रांना शब्दाचा भाग मानतं. पायथनमध्येच राहायचं असेल तर 'रेजेक्स' हे वेगळं मॉड्यूल घ्या, नाहीतर शब्दसीमा सोडून द्या आणि पुढचं चिन्ह युनिकोडच्या यू+०९०० ते यू+०९७एफ या देवनागरी पट्ट्यात नको अशी अट स्वतः लिहा. या पट्ट्याबाहेरचा शून्यरुंदी जोडक, यू+२००डी, विसरू नका.

त्या जोडकाचा आणखी एक उपद्व्याप. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' डोळ्यांना एकच दिसतात. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक. तसंच 'ॲप' आणि 'अॅप': एकात यू+०९७२ हे एकच चिन्ह, दुसऱ्यात अ आणि वर चंद्र. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं एनएफसी रूपांतर यांतल्या कुठल्याच जोडीला एकत्र आणत नाही. प्रकल्पात कुठलं रूप चालतं ते आधी मोजा, जे जास्त असेल ते पकडा, आणि हा बदल वेगळ्या कमिटमध्ये टाका. शुद्धलेखनाच्या कमिटमध्ये तो मिसळला तर तपासणाऱ्याला डिफमध्ये (आधीच्या-नंतरच्या ओळींच्या तुलनेत) दोन सारख्याच ओळी दिसतात आणि तो डोकं धरून बसतो.

'फाइल' की 'फाईल' या वादात पडू नका. प्रकल्पाच्या शब्दसूचीत असेल ते.

कोकणीला अशुद्ध मराठी समजणं

ही चूक गोव्याबाहेरचे करतात, आणि गोव्यातलेही करतात, हे जास्त वाईट. बदलाची आज्ञा सगळ्या देवनागरी फाइलींवर सोडली जाते आणि मराठीच्या 'एमआर'शेजारची कोकणीची 'केओके' किंवा 'जीओएम' नावाची फाइलही तिच्यात सापडते. मग 'आनी'चं 'आणि' होतं, 'सोद'चं 'शोध'.

सर्वांत जास्त नुकसान अनुस्वार काढणारे करतात. मराठीत अनुच्चारित अनुस्वार गेला, म्हणून 'नवें'चं 'नवे' करणं ठीक. कोकणीत तो अनुस्वार उच्चारला जातो आणि व्याकरण सांगतो: 'नवें' नपुंसकलिंगी एकवचन, 'नवे' पुल्लिंगी अनेकवचन. टिंब पुसलं की लिंगही बदललं, वचनही. घाई कित्याक, पात्रांव? आज्ञेत फाइलीचं नाव पूर्ण लिहा, ताराचिन्ह टाकू नका. आणि मराठीतही सगळी टिंबं फालतू नसतात, 'त्यांनी' आणि 'फाइलींमध्ये' यांतली अनेकवचनाची आहेत.

चूक आहे, पण आता तीच बरोबर आहे

वेबच्या एचटीटीपी नियमांमधलं, आधीच्या पानाचा पत्ता सांगणारं 'रेफरर' हे हेडर मधला एक 'आर' गाळून लिहिलेलं आहे. १९९६च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजात ते तसंच छापलं गेलं आणि तेव्हापासून जगभरचे सर्व्हर तेच चुकीचं स्पेलिंग वाचतात. नंतर आलेलं 'रेफरर-पॉलिसी' मात्र दोन 'आर' घेऊन आलं. युनिक्समधल्या 'क्रिएट' या सिस्टम कॉलला शेवटचा 'ई' नाही. अशी नावं सुधारली की प्रोग्राम मुकाट्यानं चालेनासा होतो. नियम सोपा आहे: टिप्पणी आणि दस्तऐवज सुधारा. फंक्शनचं, सेटिंगचं, डेटाबेसच्या स्तंभाचं किंवा जेसन किल्लीचं नाव सुधारायचं तर जुनं नावही चालू ठेवावं लागतं, आणि तो टायपोचा पॅच राहत नाही.

विशेषनामांचंही तेच. म्हापशाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एच' नाही, डिचोलीचं 'बी'नं सुरू होतं, मडगाव स्थानकाच्या पाटीवर 'डी' आहे आणि शहराच्या प्रचलित इंग्रजी नावात 'आर'. चाचणीच्या डेटात ही नावं दिसली तर हात लावू नका. लिनक्सवरच्या जीनोम डेस्कटॉपच्या कोडमध्ये 'गोवा'च्या तीन रोमन अक्षरांनी सुरू होणारी ढीगभर फंक्शनं आहेत. ते 'जीनोम ऑनलाइन अकाउंट्स'चं लघुरूप आहे, 'गोल' लिहिताना 'एल' राहून गेलेला नाही.

साधनावर डोळे मिटून विश्वास

कोडस्पेल या टायपो शोधणाऱ्या साधनाला पहिल्याच फेरीत 'डब्ल्यू' पर्याय देऊ नका, तो थेट फाइली बदलतो. आधी नुसता चालवा, यादी वाचा. 'हिस्ट', 'इनआउट', 'एनडी', 'टीई' असली नावं त्याला टायपो वाटतात. 'इनआउट' तर स्विफ्टमधला राखीव शब्द आहे. असे शब्द प्रकल्पाच्या कोडस्पेल-आरसी फाइलीत दुर्लक्षाच्या यादीत टाका. मग 'डब्ल्यू'सोबत 'आय ३' द्या, म्हणजे तो प्रत्येक जागी विचारेल. कंटाळा येतो, पण त्याला इलाज नाही.

वगळायच्या जागा: बाहेरून आणलेला कोड, परवान्यांचा मजकूर, लॉक फाइली, मिनिफाय केलेलं जावास्क्रिप्ट, आणि मुद्दाम चुकीचं लिहिलेला चाचणी-डेटा. बाहेरच्या कोडमधला टायपो त्याच्या मूळ प्रकल्पाकडे पाठवा, नाहीतर पुढच्या अद्ययावतीकरणात तो परत येईल.

ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगची अदलाबदल करू नका. कोडस्पेलमध्ये त्यासाठी वेगळा शब्दकोश आहे आणि तो मुळात बंद असतो, हे उगाच नाही.

एकच अजस्र कमिट

मुक्त-स्रोत योगदानाच्या ऑक्टोबरमधल्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी निरर्थक किरकोळ बदलांचा एवढा पूर आला की महिना सुरू होऊन काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला. प्रकल्पानं स्वतःहून होकार दिला असेल तरच योगदान धरलं जाऊ लागलं. त्यानंतर टायपोच्या पॅचकडे संशयानं पाहिलं जातं, तेव्हा पॅच छोटा आणि वाचण्याजोगा ठेवा. टिप्पण्यांचा एक कमिट, दिसणाऱ्या वाक्यांचा दुसरा, भाषांतराचा तिसरा. मोठ्या प्रकल्पात प्रत्येक उपप्रणालीचा वेगळा.

टिप्पणी सुधारताना ओळी पुन्हा मोडू नका. ओळींची संख्या तीच राहिली तर ओळ-क्रमांक छापणारे मॅक्रो बदलत नाहीत, आणि एकच कंपायलर, तेच पर्याय वापरून बदलाआधीची व नंतरची ऑब्जेक्ट फाइल सहसा बाइट न् बाइट सारखी निघते. दोन्हींचा एसएचए-२५६ (फाइलीचा डिजिटल ठसा) काढून कमिटच्या संदेशात तसं लिहा. देखभाल करणाऱ्याचं निम्मं काम तिथेच संपतं. पाठवण्याआधी गिटचा 'वर्ड-डिफ' लावून स्वतः एकदा पूर्ण वाचा.

मोठा बदल विलीन झाल्यावर त्याचा हॅश (कमिटची ओळखखूण) गिटच्या ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज फाइलीत टाका, म्हणजे पुढे ती फाइल वापरून ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते) पाहणाऱ्याला प्रत्येक ओळीवर तुमचं नाव दिसणार नाही. गिट २.२३पासून ही सोय आहे. हॅश मुख्य शाखेवरचा लिहा. विलीन करताना स्क्वॉश झालं (सगळे कमिट एकात मिसळले) असेल तर तुमच्या शाखेवरचा हॅश तिथे कुणालाच सापडत नाही.