कोरड्या मुलखातला पहिला उन्हाळा आणि तुमची बाग

झाडांची हौस घेऊन इकडे कोरड्या मुलखात राहायला आलेल्या बहुतेकांची बाग पहिल्या उन्हाळ्यात जळते. त्यात त्यांचा आळस नसतो, हिशोब वेगळा असतो. आपल्या अंगात मुरलेला उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा. तेवढे दिवस झाडं कशीबशी जगवली की पुढचं पाऊस बघून घेतो. उष्ण आणि कोरड्या प्रदेशात उन्हाळा चार-पाच महिने मुक्काम ठोकतो, आणि त्यात पावसाचा भरवसा नसतो. शिवाय हवा इतकी कोरडी असते की त्याच तापमानाला दमट हवेपेक्षा पानांतून पाणी कितीतरी वेगाने उडतं. म्हणून पारा चाळिशीला टेकण्याआधीचे आठवडे वाया घालवू नका. त्या दिवसांत एकच काम मनावर घ्यायचं: मुळं खोल न्यायची.

मुळं ओल असेल तिथे वाढतात. रोज संध्याकाळी पाइप धरून पाच-दहा मिनिटं शिंपडलं, तर वरची दोन-तीन बोटं माती भिजते आणि मुळंही तिथेच पसरतात. पुढे ऊन भाजून काढतं ती नेमकी हीच माती. त्यापेक्षा पाणी सावकाश, भरपूर द्या आणि मग मध्ये खंड पडू द्या. ओल भाजीपाल्याला साधारण ३० सेंटिमीटर, झुडपांना ६० आणि मोठ्या झाडांना ९० सेंटिमीटरपर्यंत जायला हवी. हे तपासायला एक लांब लोखंडी सळई पुरते. पाणी देऊन काही तास झाले की ती मातीत दाबा. ओल्या मातीत ती सहज शिरते, कोरड्या थराशी येऊन अडते. अडली तिथे बोटाने धरून वर काढा आणि मोजा. २० सेंटिमीटरवरच अडली तर पाणी जास्त वेळ सोडा. थोड्या खोलीवरच दगडासारखा पांढुरका थर लागला, तर तो चुन्याचा कठीण थर असण्याची शक्यता आहे. अशा प्रदेशांत तो बऱ्याच ठिकाणी सापडतो. त्यातून पाणी खाली झिरपत नाही, म्हणून त्या जागी झाड लावायचं तर आधी पहारीने तो थर फोडावाच लागतो.

आळं खोडाला खेटून करू नका. पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराच्या कडेला आणि त्याच्याही बाहेर असतात. ठिबक असेल तर झाड वाढेल तशा तोट्या बाहेर सरकवत न्या, आणि एकेक तोटी हाताने तपासा. जड पाण्यामुळे त्या चुपचाप बुजतात, आणि झाड सुकल्यावरच आपल्या लक्षात येतं.

या पाण्याचा आणखी एक त्रास म्हणजे क्षार. थोडं थोडं पाणी दिलं की ते उडून जातं आणि क्षार मुळांपाशी साचत राहतात. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या की लोक तहान समजून पुन्हा थोडंसंच पाणी घालतात. निचरा चांगला असेल, तर अधूनमधून एकदा नेहमीपेक्षा बरंच जास्त पाणी देऊन क्षार खाली धुऊन लावावेत. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. अशा वेळी चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, द्या.

भर दुपारी पानं मलूल दिसली की जीव कासावीस होतो, मला कळतं. तरी लगेच पाणी घालू नका. मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी त्या वेळी पानांतून जात असतं, आणि ऊन उतरलं की बरीच झाडं आपोआप सावरतात. सकाळीही पानं मान टाकून असतील तर मात्र झाड खरंच तहानलेलं आहे किंवा मुळं कुजताहेत. आधी मातीत बोट घालून बघा, मग ठरवा. पाणी शक्यतो पहाटे द्यावं. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी पोळण्याइतकं गरम असतं, ते बाजूला सोडून द्या.

मातीवर सात-दहा सेंटिमीटर पालापाचोळा किंवा लाकडाचा भुगा पसरा, फक्त खोडाभोवती ओंजळभर जागा मोकळी ठेवा. कुंड्या भिंतीच्या सावलीत हलवा. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला पश्चिमेचं ऊन लागलं की त्या बाजूची मुळं अक्षरशः शिजतात. ती कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवली तरी खूप फरक पडतो.

छाटणीची कात्री आता ठेवून द्या. दाट फांद्या काढल्या की आजवर सावलीत असलेली साल उघडी पडून भाजते, आणि लिंबू-संत्र्याच्या झाडांची साल तर फारच नाजूक असते. उघडी पडलीच असेल तर पाण्यात मिसळणारा भिंतीचा पांढरा रंग निम्मं पाणी घालून खोडाला लावा. नत्राचं खतही आता नको, कोवळी पालवी फुटते आणि उन्हात करपते.

टोमॅटोबद्दल सगळेच विचारतात. दिवस ३५ अंशांपुढे आणि रात्र २४-२५ अंशांच्या वर राहू लागली की पराग निकामी होतात आणि फुलं गळतात. हा तुमच्या हाताचा दोष नाही. ३० ते ५० टक्के सावलीची शेडनेट, विशेषतः पश्चिमेकडून, लावली तर लागलेली फळं वाचतात. कच्ची फळं रंग धरू लागली की तोडून घरात पिकवा, कारण फार उष्णतेत त्यांना लाल रंग नीट चढत नाही. ज्यांना उन्हाळ्यात हिरवं बघायचंच आहे त्यांनी भेंडी, चवळी, रताळं लावावं. ही पिकं उन्हात जोमाने वाढतात.

पानांवर बारीक फिकट ठिपके दिसले तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ती लाल कोळी ही कीड आहे. त्याला धूळ आणि कोरडेपणा मानवतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारा, बहुतेक वेळा औषध लागत नाही.

नवी झाडं लावायची घाई नको. उन्हाळा ओसरल्यावर, माती अजून उबदार असताना लावलेल्या बहुतेक झाडांना पुढच्या उन्हाळ्याआधी मुळं धरायला कित्येक महिने मिळतात. थंडीला नाजूक असलेली तेवढी वसंतात लावा. तोवर खड्ड्याची जागा ठरवा, खड्डा पाण्याने भरून निचरा किती वेळात होतो ते बघा, आणि दुपारनंतर भिंतीची सावली कुठे पडते त्याची खूण करून ठेवा.