‘स्वतःबद्दल सांगा’ची तयारी

मुलाखतीच्या पॅनेलवर मी बरीच वर्षं बसते आहे. फ्रेशर मुलंमुली आत येतात, कपडे नीटनेटके, फाइल व्यवस्थित लावलेली. आणि पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते: ‘स्वतःबद्दल सांगा.’ हा प्रश्न येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तयारी सगळ्यात कमी याचीच झालेली असते.

बहुतेक जण बायोडेटाच म्हणून दाखवतात. नाव, शिक्षण, टक्के, छंद. तो कागद आमच्या पुढ्यातच असतो. अकाउंट्सच्या जागेसाठी आलेल्या एका मुलीने मात्र अशी सुरुवात केली: “मी कॉमर्सची पदवीधर आहे. शेवटच्या वर्षी एका दुकानाचे हिशेब बघत होते. महिनाअखेरीला पासबुकातली आणि वहीतली शिल्लक जुळायची नाही. तो फरक शोधून काढायला मला फार आवडायचं, म्हणून याच कामात यायचं ठरवलं.” झालं, संपलं उत्तर. मिनिटसुद्धा लागलं नाही. माझ्या शेजारच्या सरांनी लगेच विचारलं, “मग फरक कशामुळे यायचा?” ती म्हणाली, “दिलेले काही चेक वठायचे राहिलेले असायचे, आणि बँकेने कापलेले चार्जेस वहीत चढवलेले नसायचे.” त्यानंतरची जवळजवळ सगळी मुलाखत तिला येत असलेल्या गोष्टींवरच झाली.

तिच्याकडून उचलण्यासारखं हेच आहे. आपल्या पहिल्या उत्तरातूनच समोरच्याला पुढचा प्रश्न सुचतो. म्हणून आपण केलेलं एखादं खरं काम त्यात आलंच पाहिजे, आणि ते असं हवं की त्यावर कितीही खोदून विचारलं तरी सांगता येईल. तालीम मोठ्याने बोलून करा. पाठ मात्र करू नका. पाठ केलेलं लगेच कळतं, आणि मध्येच कोणी काही विचारलं की सगळंच विसरायला होतं.

पहिल्या छापाचा एवढा परिणाम का होतो, याचा अभ्यास जुना आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांना त्यांच्या वरिष्ठांनी दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव या वेगवेगळ्या गोष्टी, पण एकीत चांगले गुण मिळालेल्याला बाकीच्यांतही चांगलेच मिळालेले दिसले. याला ‘हेलो इफेक्ट’ म्हणतात. आम्ही पॅनेलवरची माणसंही त्यातून सुटलेलो नाही.

उलट ‘93 टक्के छाप देहबोलीची आणि आवाजाची, शब्दांची फक्त 7’ हे वाक्य सर्रास ऐकवलं जातं, त्यावर विसंबू नका. ते आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून आले. त्यात सुटे शब्द, आवाजाची पट्टी आणि चेहरा यांवरून बोलणाऱ्याची भावना ओळखायची होती. मुलाखतीतल्या उत्तरांशी त्यांचा संबंध नाही. ताठ बसा, बोलणाऱ्याकडे बघा, तेवढं पुरतं. बाकी जीव उत्तरात ओता.

दहा मिनिटं आधी पोहोचा. फोन व्हायब्रेटवर नको, बंदच ठेवा. मुलाखत व्हिडिओवर असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणि उजेड समोरून हवा. मागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो. बोलताना स्क्रीनवरच्या स्वतःकडे बघायची सवय आधीच मोडा.

आणि सुरुवात फसलीच, तर तिथेच मनाने अडकू नका. अनेक ठिकाणी सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात आणि प्रत्येक उत्तराला वेगळे गुण देतात. अशा मुलाखतीत पहिल्या छापाचं वजन कमी होतं, कारण चौथ्या उत्तराचे गुण चौथ्याच उत्तरावर मिळतात. “एक मिनिट विचार करून सांगू का?” असं विचारायला मुळीच हरकत नसते. माझ्यासमोर ज्यांनी असं विचारलं, त्यांची पुढची उत्तरं बहुतेकदा जास्त मुद्देसूद आली.