लंडनमधली घरांची जुनी रांग कशी पाहावी

प्रिमरोज हिलला १०, किंग हेन्रीज रोड हे घर पाहायला आपली मंडळी आवर्जून जातात. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. दारापाशी फोटो झाला की बहुतेक जण निघतात. माझं सांगणं आहे, आधी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि अख्खी रांग बघा. एकोणिसाव्या शतकातली ही घरं सामाईक भिंतींनी जोडलेली असतात. छताखालच्या पट्ट्या, खिडक्यांच्या ओळी, धुराडी सलग जुळली आहेत का? एकाच घराने मजला चढवला तरी सगळ्या रांगेचं रूप बिघडतं.

मग खिडक्या. वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडकीच्या वरच्या झडपेला, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत लहान शिंगं, म्हणजे खाली निघालेली लाकडी टोकं, दिसतात का ते पाहा. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, मोठ्या काचा परवडू लागल्या. त्यांच्या वजनाने झडपेचे सांधे निखळू नयेत म्हणून ही शिंगं आली. चौकटी बारीक असतील आणि शिंगं नसतील, तर खिडकी बहुधा त्याआधीच्या धाटणीची. जुन्या काचेत समोरचं झाड किंचित हलल्यासारखं दिसतं. अशी काच शाबूत असेल तर ती बदलू देऊ नका, पुन्हा मिळत नाही.

दोन विटांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, जवळ जाऊन बघा. मूळचा चुना विटेपेक्षा मऊ असतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. वरून सिमेंट भरलं की ती वाट बंद होते, ओल विटेत मुरते आणि थंडीत गोठून विटेचे पापुद्रे सुटतात. दुरुस्तीच्या नावाखाली झालेलं हे नुकसान पाहून जीव तुटतो.

नंतर कागदपत्रं. इंग्लंडची वारसा यादी, म्हणजे संरक्षित जुन्या वास्तूंची यादी, ऑनलाइन फुकट पाहता येते. कित्येकदा पूर्ण रांगेची एकच नोंद असते, आणि नोंद असली की आतला जिना, शेकोटीही संरक्षणात येते. यादीत नाव नसेल तर घर संवर्धन क्षेत्रात, म्हणजे जिथे सगळ्या परिसराचंच जुनं रूप जपलं जातं अशा भागात, आहे का, ते स्थानिक कौन्सिलच्या नकाशावर तपासा.

शेवटी, तिथे कोण राहिलं ते शोधा. बाबासाहेबांचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. तिथे संग्रहालय केलं तर राहण्याचं एक घर कमी होईल म्हणून कौन्सिलने त्याला नकार दिला होता, पण २०२० मध्ये अपिलात परवानगी मिळाली.

एखाद्या रांगेतल्या फेरफाराला हरकत घ्यायची असेल, तर नुसतं ‘घर जुनं आहे’ लिहून भागत नाही. कोणती खिडकी, कोणती पट्टी, कोणाचा वास्तव्यकाळ, हे नेमकं लिहा आणि रस्त्यापलीकडून काढलेला पूर्ण रांगेचा फोटो जोडा.