ब्रिगिडचा क्रूस: विणायला बसण्याआधी

सेंट ब्रिगिड ही आयर्लंडची ख्रिस्ती संत, तिचा सण 1 फेब्रुवारीला. आयर्लंडमध्ये तिचा क्रूस विणायचा तो आदल्या संध्याकाळी. घराला आग, वीज आणि आजारपणापासून राखण म्हणून तो दाराच्या वर किंवा आढ्याला खोचतात. जास्त करून पाणथळ जागेतल्या लव्हाळ्यासारख्या हिरव्या गवताचा करतात (ते कापायचं नाही, उपटायचं, असा रिवाज), पण काडाचाही करतात. काडाचा करायचा तर खरी मेहनत विणण्याआधीचीच.

काड गव्हाचं किंवा राय (rye) या गव्हासारख्या धान्याचं, हाताने कापलेलं हवं. हार्वेस्टरमधून निघालेलं चेचलेलं असतं, ते घेऊच नका. वरच्या पेराखालचा भाग टाकून द्या आणि ओंबीही छाटा. मधली सलग नळी 30 सेंमीच्या आसपास मिळाली की झालं. पेर मध्ये राहिलं तर काडी नेमकी तिथेच मोडते. नळीवरचं पातं ओढून काढा. चार बाहूंच्या क्रूसाला एक उभी काडी आणि चार-चारचे सात फेरे, म्हणजे 29 काड्या लागतात. दहाएक जास्तीच्या ठेवा, कारण काही चिरणारच. लांबीप्रमाणे लावून घ्या आणि लांबातल्या लांब शेवटच्या फेऱ्यांसाठी राखा. मधला चौकोन वाढतो तसा त्याला वळसा घालण्यातच काडीचा बराच भाग जातो, आणि मग बाहू आखूड पडतात.

भिजवायला पसरट परात आणि कोमट पाणी. काड पोकळ, त्यामुळे तरंगतं. वर ताट पालथं घालून दाबा. अर्ध्या तासाने काढून ओल्या टॉवेलमध्ये तेवढाच वेळ गुंडाळा. बोटावर वळवलेली काडी कुरकुरली तर अजून कोरडी आहे. उलट रात्रभर पाण्यात राहिली तर काळवंडते, म्हणून लागेल तेवढंच भिजवा. विणतानाही पाच-सहाच बाहेर काढा, पंख्याखाली बसू नका.

हाताशी कात्री, चार रबरबँड आणि जाड सुती दोरा. सुरुवात अशी: एक काडी उभी धरा. दुसरी मध्यावर अंगठ्याने चपटी करून दुमडा आणि उभीच्या मध्याभोवती अडकवा, दोन्ही टोकं उजवीकडे. सगळं डावीकडे पाव वळसा फिरवा, म्हणजे ती टोकं वर येतील. आता पुढची काडी त्यांच्याभोवती, पुन्हा टोकं उजवीकडे. दर वेळी मध्याकडे सरकवून घट्ट ओढायचं. डावखुऱ्यांनी सगळं उलट केलं तरी चालतं, पण दिशा मध्येच बदलली की चौकोन सुटतो. अंगठा मध्यावरून उचलायचा नाही. फोन वाजला तर वाजू द्या.

चारही बाहूंच्या टोकांना आधी रबरबँडच लावा. काड वाळताना आकसतं. रबर त्याच्याबरोबर आवळत जातं, दोरा मात्र सैल होऊन लोंबतो. सावलीत, सपाट, दोन-तीन दिवस वाळू द्या. उन्हात बाहू पिळवटतात. पूर्ण वाळल्यावर रबर काढून दोऱ्याचे तीन वेढे, पक्की गाठ, आणि मगच टोकं सारखी कापायची. ओला क्रूस भिंतीला लावलात तर मागून बुरशी धरेल.

गोठ्यासाठी तीन बाहूंचा करण्याची पद्धतही तिकडे आहे. गेल्या वर्षीचा क्रूस काही घरांत जाळतात, काही ठिकाणी आढ्यालाच राहू देतात आणि नवा त्याच्या शेजारी खोचतात.