आधी दिवस बघा, हुद्दा नंतर

माझ्या पहिल्या नोकरीचा हुद्दा व्हिजिटिंग कार्डावर एका ओळीत मावायचा नाही. त्यात ‘वरिष्ठ’ होतं, ‘ग्राहक संबंध’ होतं, आणखीही काहीबाही होतं. कंपनी मोजमापाची उपकरणं विकायची. इंटरव्ह्यूत सांगितलं होतं की लोकांत राहायचं काम आहे, मोकळीक आहे, रोज काहीतरी नवीन असतं. मला माणसं आवडतात, म्हणून हो म्हणून टाकलं. प्रत्यक्षात दिवसाला पन्नास-साठ फोन, प्रत्येक फोननंतर एक्सेलमध्ये एक ओळ आणि संध्याकाळी त्या ओळींचा हिशेब. माणसं भेटायची, पण दीड-दीड मिनिटं.

साडेतीन वर्षं काढली. वाईट असं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. साहेब सज्जन होते, पगार वेळेवर व्हायचा. तक्रार करायला तोंड नव्हतं, आणि तरी सुट्टी संपत आली की संध्याकाळी पोटात गोळा यायचा.

मग एकदा एका ग्राहकाने मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक जाडी मोजायचं उपकरण, परत पाठवला. चुकीचं माप दाखवतो म्हणे. मी तो घेऊन मागच्या तपासणीच्या खोलीत गेले. तिथल्या कारागिरांना सगळे दादा म्हणायचे. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, गुळगुळीत दगडी पाटावर ठेवला आणि म्हणाले, “बसा. अजून गरम आहे तो.” लांबीचं माप जगभर २० अंश सेल्सिअसला धरतात, हे मला तेव्हा कळलं. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं, म्हणजे हाताची ऊबसुद्धा मापात येते. तासाभराने त्यांनी जबडे पुसले, मिटवले आणि मला शून्याची रेघ दाखवली. ती ०.०२ मिलिमीटरने सरकली होती. छोट्या वाकड्या चावीने बाही, म्हणजे ती रेघ कोरलेली नळी, जराशी फिरवली, पुन्हा पाहिलं, मग स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचा ठोकळा, लावून पाहिलं. बरोबर. मी घड्याळाकडे बघितलं तर अडीच तास गेले होते आणि माझे एकोणीस फोन राहिले होते.

गेली सोळा वर्षं मी कॅलिब्रेशनचंच, म्हणजे उपकरणं बरोबर माप दाखवतात का ते ताडून बघण्याचं काम करते. परवा भाचीचा फोन आला, “मावशी, दोन ऑफर आहेत, कुठली घेऊ?” मी विचारलं, दोन्हीकडे सकाळी अकरा वाजता तू नक्की काय करत असशील? बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, जरा नीट लावून.

पंधरा दिवसांची वही

आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे आणि ४० वर्षं धरली तर ८०,००० तास होतात. एवढ्या तासांचा निर्णय आपण दोन इंटरव्ह्यू आणि एका आकड्यावर घेतो. म्हणून आधी आपले तास कसे जातात ते बघा. नोकरी असेल तर नोकरीतले, नसेल तर अभ्यासाचे, घरकामाचे, कुणाला केलेल्या मदतीचे. कामाचे पंधरा दिवस पुरतात.

पानावर चार रकाने आखा: काय केलं, किती वेळ, घड्याळ किती वेळा पाहिलं, संपल्यावर कसं वाटलं. तिसरा रकाना हास्यास्पद वाटेल, पण तोच सगळ्यात प्रामाणिक असतो. ‘कसं वाटलं’मध्ये आपण स्वतःला फसवतो, घड्याळाच्या आकड्यात तेवढी लबाडी जमत नाही.

नोंद शक्यतो तिथल्या तिथे करा. रात्री लिहायला बसलात तर दिवसातला एखादा ठसठशीत प्रसंग आणि शेवटचा अर्धा तास एवढंच आठवतं, बाकीचं त्याच रंगात बुडून जातं. ते जमत नसेल तर निदान दुसऱ्या दिवशी कालचा दिवस प्रसंगाप्रसंगाने मांडा, नाटकातले प्रवेश लिहावेत तसा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याच पद्धतीने टेक्सासमधल्या नऊशेहून अधिक नोकरदार स्त्रियांकडून त्यांचा आदला दिवस लिहून घेतला होता. त्यात सगळ्यात नकोशा वेळांमध्ये कामावर जाण्या-येण्याचा प्रवास होता. ऑफर हातात आली की हे आपण विसरतो, तेव्हा वहीत प्रवासाचीही ओळ हवी.

पंधरा दिवसांनी हिरवी आणि लाल पेन्सिल घ्या आणि नोंदींखाली रेघा मारा. माझ्या वहीत हिरवं फार कमी निघालं, पण जे निघालं ते एकाच जातीचं होतं: परत आलेला माल तपासणं, दोन याद्यांमधली तफावत शोधणं, बिघडलेलं लेबल प्रिंटर खोलून बसणं. ‘लोकांशी बोलणं’ जवळजवळ सगळीकडे लाल. मला माणसं आवडतात ते खरंच होतं, पण कुणाला काही विकायचं असताना नाही.

विषय आणि क्रियापद

इथेच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा थांबते. आवड विचारली की आपण नाम सांगतो: पुस्तकं, प्राणी, प्रवास, संगीत. काम मात्र क्रियापदांचं असतं. पुस्तकं आवडणारा माणूस प्रकाशन व्यवसायात जातो आणि दिवसभर बिलं, छपाईच्या तारखा आणि परत आलेल्या गठ्ठ्यांचे हिशेब करतो. प्राणी आवडतात म्हणून पशुवैद्यकीय व्यवसायाकडे वळलेल्याला निम्मा दिवस घाबरलेल्या मालकांशी बोलावं लागतं. हे काम वाईट नाही, फक्त त्याची क्रियापदं वेगळी आहेत.

म्हणून वहीतल्या हिरव्या ओळींमधली क्रियापदं बाजूला काढा. जुळवणं, समजावणं, पटवणं, रचणं, तपासणं, दुरुस्त करणं, सांभाळणं, वाट बघणं. हो, वाट बघणंसुद्धा. माझ्या कामात उपकरण थंड होईपर्यंत गप्प बसावं लागतं आणि काही जणांना ते दहा मिनिटंही सोसत नाही. पाच-सहा क्रियापदं मिळाली की नोकरीच्या जाहिरातीतली विशेषणं खोडा आणि उरलेल्या क्रियापदांशी ती ताडून बघा. ‘गतिमान वातावरण’ खोडलं की बऱ्याच जाहिरातींत फारसं काही उरत नाही.

ऑनलाइन चाचण्यांबद्दल विचाराल, तर त्यांतल्या पुष्कळशा मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या विचारावर उभ्या आहेत. हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलेकडे ओढा असणारे, माणसांना मदत करणारे, पुढाकार घेऊन पटवणारे आणि नीटनेटकी व्यवस्था लावणारे असे सहा कल त्यात असतात. जरूर करून बघा, स्वतःबद्दल बोलायला शब्द मिळतात. पण निर्णय त्यांच्यावर सोडू नका. चाचणी देताना आपण जसे आहोत तसे नव्हे, जसे असायला हवेत असं वाटतं तसे होऊन उत्तरं देतो. मी पहिल्यांदा दिली तेव्हा मी थोर पुढारी निघाले होते.

काल काय केलंत?

आता त्या कामातली माणसं गाठा. दुरून डोंगर साजरे, ते जवळून कसे आहेत हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा २००९ मधला एक प्रयोग मला फार आवडतो. काही तरुणींना एका मुलाशी पाच मिनिटं गप्पा मारायच्या होत्या आणि त्या किती आवडतील याचा अंदाज आधी बांधायचा होता. काहींना त्याची माहिती आणि फोटो दिला, काहींना फक्त एवढंच सांगितलं की आधी भेटलेल्या एका अनोळखी मुलीला त्या गप्पा किती आवडल्या. दुसऱ्या गटाचा अंदाज जास्त अचूक निघाला. आणि तरीही बहुतेकींना वाटत राहिलं की माहिती आणि फोटोच जास्त उपयोगी. नोकरीचंही तसंच आहे. कंपनीची वेबसाइट म्हणजे तो फोटो.

मात्र “काम कसं आहे?” असं विचारू नका. “छान आहे, शिकायला मिळतं,” असंच उत्तर येणार. विचारा, “काल सकाळपासून काय काय केलंत?” आणि गप्प बसा. दुपारपर्यंत आले की खरं बोलायला लागतात. मग विचारा, यातलं कुठलं काम दुसऱ्यावर ढकलता आलं तर ढकलाल? निदान तिघांना भेटा आणि त्यांत एक तरी नोकरी सोडून गेलेला असू द्या. सोडून गेलेल्याचा राग थोडा वजा करा, आत असलेल्याचा उत्साहही तेवढाच वजा करा.

जमलं तर अर्धा दिवस शेजारी बसायला परवानगी मागा. नाही म्हणतील या भीतीने आपण विचारतच नाही. काही ठिकाणी गोपनीयतेचं कारण खरं असतं. तिथे निदान कामाचा एखादा खराखुरा नमुना मागा आणि घरी करून बघा.

ऐकताना मनात पाच प्रश्न धरा. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या संशोधकांनी १९७० च्या दशकात कामाच्या पाच गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या: किती प्रकारची कौशल्यं लागतात, काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून होतं का, त्याने कुणाला फरक पडतो का, कसं करायचं ते ठरवायची मुभा आहे का, आणि ते जमलं की बिघडलं हे कामातूनच कळतं का. पाचही भरभरून देणारी नोकरी मी तरी पाहिलेली नाही. आपल्याला कुठल्या दोन नसल्या तर गुदमरतं, ते ओळखा. माझ्या त्या दोन म्हणजे दुसरी आणि पाचवी. उपकरण टेबलावर येतं, मी तपासते, दुरुस्त करते, प्रमाणपत्रावर सही करते आणि ते जातं. बरोबर की चूक ते आकडा सांगतो, साहेबांचा चेहरा वाचावा लागत नाही. कामात विविधता विचाराल तर बेताचीच. माझ्या बहिणीला इथे आठवडाभरही करमणार नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. महिन्याचा खर्च, देणी आणि थोडी शिल्लक मिळून एक आकडा काढा आणि त्याखालची नोकरी कितीही आवडली तरी घेऊ नका. त्यावरच्या दोन नोकऱ्यांत निवडताना मात्र पगाराला शेवटी बोलावा. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे २०० अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये असं मांडलं की पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस वैतागतो, पण त्या सुधारल्या म्हणून काम आवडायला लागत नाही. या मांडणीवर टीका पुष्कळ झाली, कारण चांगलं झालं की श्रेय स्वतःला आणि वाईट झालं की दोष कंपनीला देणं हा मनुष्यस्वभावच आहे. माझ्या साडेतीन वर्षांना मात्र ती तंतोतंत लागू पडते.

इंटरव्ह्यूत शेवटी “काही विचारायचंय?” म्हणतात, तेव्हा तीन गोष्टी विचारा. ही जागा का रिकामी झाली? पहिल्या तीन महिन्यांनी काय झालेलं पाहिलं म्हणजे तुम्ही समाधानी असाल? आणि काम देणारा आणि ते तपासणारा माणूस एकच आहे की दोन? उत्तरापेक्षा उत्तराआधीची शांतता ऐका.

आणि प्रत्येक वेळी राजीनामाच द्यायला हवा असंही नाही. मी पहिल्या कंपनीत सहा महिने परत आलेल्या मालाचं काम मागून घेतलं, आठवड्याला चार तास. त्यातून मला कळलं की अडीच तासांची ती जादू एका दुपारपुरती नव्हती. दादांनाही कळलं. पुढची नोकरी त्यांच्याच ओळखीने मिळाली.

भाचीने दोन्हीकडे ती जागा का रिकामी आहे ते विचारलं. मोठ्या हुद्द्याच्या ठिकाणी समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि “वाढीच्या संधी” असं काहीसं म्हणाले. दुसरी नोकरी यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासायची, नाव अगदी साधं. तिथे तिला अर्धा दिवस बसू दिलं. रात्री तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. अकराच्या ओळीत लिहिलं होतं: ‘चित्रात झडप डावीकडे, मजकुरात उजवीकडे. सांगू की नको यात दहा मिनिटं गेली. सांगितलं.’ घड्याळाच्या रकान्यात शून्य.