जुनी त्सुबा घेताना आणि सांभाळताना या चुका टाळा

जपानी तलवारीचे पाते आणि मूठ यांच्यामध्ये धातूची जी चकती बसवलेली असते तिला त्सुबा म्हणतात. आपल्याकडच्या तलवारीत हाताला राखणारी परज मुठीलाच जोडलेली असते. त्सुबा मात्र पूर्णपणे सुटी असते, त्यामुळे एकाच पात्यावर वेगवेगळ्या त्सुबा चढवता येत असत. 1876 मध्ये जपानच्या मेइजी सरकारने सैन्य आणि पोलीस वगळता इतरांना तलवार लावून फिरण्यास बंदी केली, तेव्हा या सुटेपणामुळेच तलवारींपासून वेगळ्या झालेल्या त्सुबा मोठ्या संख्येने युरोप-अमेरिकेच्या बाजारात गेल्या, आणि त्यांच्यामागोमाग नकलाही गेल्या. आज पुण्या-मुंबईत बसून इंटरनेटवरच्या लिलावात बोली लावता येते, आणि नवख्या संग्राहकाला खऱ्या आणि खोट्या वस्तू एकाच पानावर, शेजारीशेजारी पाहायला मिळतात. खोटी त्सुबा घेतली तर पैसे जातात; खरी त्सुबा घरी आणून बिघडवली तर जे जाते ते भरून येत नाही. म्हणून खरेदीतल्या चुकांच्या आधी घरातली चूक सांगणे योग्य ठरेल.

घासून उजळवणे

देवाची उपकरणी चिंच-मिठाने लख्ख करण्याची आपल्याला सवय असते, आणि जुनी काळवंडलेली चकती हातात आली की हात आपसूक त्याच दिशेने वळतो. त्सुबेच्या बाबतीत ही सवय घातक आहे. लोखंडी त्सुबेचा गडद तपकिरी, काळा किंवा किंचित जांभळट पृष्ठभाग म्हणजे मळ नव्हे. कारागिराने मुद्दाम चढवलेला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताळणीने मुरलेला तो गंजाचाच स्थिर थर असतो, आणि जाणकार त्याच्या रंगावरून व खोल, ओलसर भासणाऱ्या तकाकीवरून लोखंडाचा दर्जा जोखतात. शाकुदो आणि शिबुइची या मिश्रधातूंमध्ये तर सगळे सौंदर्यच वरच्या थरात असते. शाकुदो म्हणजे तांब्यात साधारण 3 ते 5 टक्के सोने. शिबुइची या नावाचा अर्थ ‘चार भागांतला एक’, म्हणजे तांब्यात सुमारे चौथा हिस्सा चांदी, जरी प्रत्यक्षात हे प्रमाण बरेच कमी-जास्त आढळते. पहिल्याचा निळसर काळा आणि दुसऱ्याचा राखाडी रंग मूळ धातूचा नसतो; तयार वस्तू तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात उकळून तो आणतात, आणि हा थर इतका पातळ असतो की पॉलिशचे फडके चार वेळा फिरले तरी खालचा तांबूस धातू डोकावू लागतो. खरेदी करतानाही हे उपयोगी पडते : वापराने झालेली झीज कडेवर आणि उठावाच्या माथ्यावर दिसते, खोलगट जागाही तांबूस दिसत असतील, तर ती त्सुबा कोणीतरी घासलेली आहे असे समजावे.

लोखंडावर खरोखरच चालू गंज आहे की नाही हे पाहण्यासाठी पांढरे सुती फडके हलकेच दाबून फिरवावे. विटकरी पूड लागली तर गंज अजून खात आहे. काही लागले नाही तर त्सुबेला तसेच सोडावे. चालू गंजाच्या डागावर, आणि फक्त तेवढ्याच जागी, बांबूच्या तासलेल्या टोकाने सावकाश घासावे व नंतर कोरड्या सुती कापडाने पुसत राहावे. जपानमध्ये यासाठी हरणाचे शिंगही वापरतात, परंतु भारतात सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद असल्याने त्या वाटेला जाऊ नये. काम आठवड्यांचे नव्हे, महिन्यांचे आहे. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, लिंबू, व्हिनेगर आणि गंज उतरवणारी रसायने यांपैकी काहीही वापरू नये. पात्यासाठी मिळणारे लवंगेचे तेलही त्सुबेवर चोपडू नये, कारण ते धूळ धरते आणि नक्षीच्या कोपऱ्यांत चिकट होऊन बसते.

सोन्या-चांदीचे जडकाम असलेल्या लोखंडी त्सुबेला तर बांबूही लावण्यापूर्वी भिंगातून पाहावे. नुनोमे-झोगान या पद्धतीत लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा कापून त्या खरखरीत जागेवर सोन्याचा पातळ पत्रा ठोकून बसवतात, म्हणजे आपल्या कोफ्तगिरीचीच ही रीत. पत्र्याला धरून ठेवणारे त्या रेघांखेरीज दुसरे काही नसते. खाली गंज फुगला की पत्रा उचलला जातो आणि वरून घासले की निघून येतो. अशी वस्तू स्वतः हाताळण्याऐवजी तज्ज्ञाकडे देणे बरे.

त्सुबा आधीच घासली गेली असेल तर दुसरी चूक करू नये, म्हणजे बंदुकीच्या नळीला काळेपणा आणणारे द्रावण किंवा काळा रंग लावून ती झाकू नये. जपानमधील कारागीर पारंपरिक रीतीने नवा थर चढवू शकतात. मात्र गेलेले वय त्याने परत येत नाही, आणि कृत्रिम काळेपणा आधी उतरवावा लागला तर त्यांचेही काम अवघड होते.

ओतीव त्सुबेला घडीव समजणे

जुन्या लोखंडी त्सुबा घणाने घडवलेल्या आणि छिन्नी, करवत, कानस यांनी कापलेल्या असतात. स्वस्त नकला, तसेच इआइदो या तलवार उपसण्याच्या जपानी कलेच्या सरावाच्या तलवारींवरील आधुनिक त्सुबा बहुधा साच्यात ओतलेल्या असतात. फरक ओळखण्यासाठी नक्षीच्या दर्शनी बाजूपेक्षा आरपार कापलेल्या भागांच्या आतल्या भिंती पाहाव्यात. घडीव कामात तिथे कानशीच्या बारीक खुणा आणि स्पष्ट धारेच्या कडा दिसतात; ओतीव कामात कडा गोलसर, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आणि भिंतीच्या मध्यावर साच्याच्या सांध्याची रेघ आढळते. मासळीच्या अंड्यांसारखी दाणेदार पार्श्वभूमी, जिला नानाको म्हणतात, ती हाताने केलेली असेल तर प्रत्येक दाणा सुटा आणि रांगेत उभा दिसतो, तर ओतीव नकलेत दाणे एकमेकांत वितळल्यासारखे भासतात. विश्वासार्ह पुरावा आणखी एक आहे : वेगवेगळ्या विक्रेत्यांकडच्या दोन त्सुबांवर एकच ओरखडा एकाच जागी असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेल्या आहेत.

बोटावर टांगून नखाने टिचकी मारल्यावर घडीव लोखंड घंटेसारखे वाजते आणि ओतीव थबकते, असे सांगितले जाते. हे बऱ्याच अंशी खरे आहे, पण मधल्या भोकात सैल पाचर किंवा कुठे बारीक चीर असलेली अस्सल त्सुबाही बद्द वाजते. लोहचुंबकाने ओतीव आणि घडीव लोखंड वेगळे होत नाही. काळा रंग दिलेला जस्ताचा मिश्रधातू तेवढा उघडा पडतो. आणि ओतीव म्हणजे खोटी हा नियम लोखंडापुरताच ठेवावा, कारण आरसे ओतणाऱ्या कारागिरांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तांब्याच्या मिश्रधातूच्या जुन्या त्सुबा साच्यातल्याच आहेत.

सही वाचून निर्णय घेणे

जुन्या तलवारकारांच्या आणि चिलखतकारांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आरंभीच्या त्सुबांवर बहुधा सही नसते, आणि उत्तम कारागिरांचे बरेचसे कामही बिनसहीचे आहे. उलट नोबुइए, कानेइए आणि हिकोने गावचा सोतेन या नामवंत कारागिरांची नावे इतक्या नकली त्सुबांवर कोरली गेली आहेत की ती दिसताच उत्साह वाढण्याऐवजी शंका वाढायला हवी. सोतेनच्या नावाखाली चिनी ऋषी आणि योद्धे यांची दाटी असलेल्या ज्या त्सुबा सतत विक्रीस येतात, त्यांतील बहुतेक नंतरच्या हातांच्या आहेत. तलवारीचा साज घडवणाऱ्या गोतो घराण्याच्या आद्यपुरुषाची, म्हणजे युजोची (1440–1512), ‘त्सुबा’ कोणी दाखवली तर या घराण्याच्या सुरुवातीच्या पिढ्यांचे काम मुख्यतः कोझुका (म्यानाला लावायच्या लहान सुरीची मूठ), कोगाई (केस सारखे करण्याची सळई) आणि मेनुकी (मुठीवरचे लहान अलंकार) या इतर साजावर होते हे लक्षात ठेवावे. आधी लोखंड, मग आकार व कड, मग काप, आणि सर्वांत शेवटी सही असा क्रम ठेवला तर सही फसवू शकत नाही. उलटा क्रम ठेवला की उरलेले सगळे सहीच्या बाजूने साक्ष देऊ लागते.

असेच विक्रेत्याच्या गोष्टीचे. आरपार कापलेला क्रूस दिसला की ‘गुप्त ख्रिस्ती सामुराईची त्सुबा’ म्हणून किंमत वाढते. जपानच्या सात्सुमा प्रांतावर राज्य करणाऱ्या शिमाझु घराण्याचे चिन्ह वर्तुळातला क्रूसच आहे, आणि ते जपानात ख्रिस्ती धर्म पोहोचण्याच्या आधीपासूनचे आहे. आपल्या गोंयच्या सायबाने, म्हणजे फ्रान्सिस झेवियरने, 1549 मध्ये जपानात पहिले पाऊल ठेवले ते याच शिमाझुंच्या कागोशिमात, हा योगायोग मात्र खरा. ख्रिस्ती धर्मावर तोकुगावा शोगुनांच्या सत्तेने 1614 मध्ये देशभर बंदी घातली. त्यानंतर उघड क्रूस तलवारीवर मिरवणारा गुप्त ख्रिस्ती फार काळ गुप्त राहिला नसता. ‘नानबान’ (शब्दशः ‘दक्षिणेकडचे रानटी’, म्हणजे परदेशी) म्हणून विकल्या जाणाऱ्या, वेलींच्या जाळीत ड्रॅगन गुंफलेल्या त्सुबांनाही पोर्तुगीज किंवा गोव्याची बनावट म्हणणारे भेटतात. हे नाव शैलीचे आहे, आणि अशा बहुसंख्य त्सुबा परदेशी नमुने पाहून काम करणाऱ्या जपानी कारागिरांनी, पोर्तुगीजांना 1639 मध्ये बाहेर काढल्यानंतरच्या काळात घडवलेल्या आहेत.

भोके आणि पाचरी

मधले पाचरीच्या आकाराचे भोक पात्याच्या शेपटासाठी असते. त्याचे निमुळते टोक वर धरून दर्शनी बाजू पाहिली तर डावीकडचे अर्धचंद्राकार भोक कोझुका या लहान सुरीसाठी आणि उजवीकडचे तीन पाकळ्यांसारखे भोक कोगाईसाठी असते. ही बाजूची भोके शिशाने किंवा शाकुदोने बुजवलेली दिसली, अथवा नक्षी कापत नंतर पाडलेली दिसली, तर नवखे संग्राहक त्याला मोडतोड समजून सोडून देतात. वास्तविक त्सुबा एका तलवारीवरून दुसरीवर गेल्याची ती साधी खूण आहे. मधल्या भोकात वर-खाली बसवलेले तांब्याचे तुकडे आणि भोवतीचे ठोक्यांचे वण हेही नव्या पात्याला घट्ट बसवण्यासाठी केलेले असतात. ते तुकडे काढून त्सुबा ‘मूळ रूपात’ आणण्याचा खटाटोप कृपया करू नये. मात्र असे वण मुद्दामही पाडता येतात, म्हणून एवढ्यावरून अस्सलपणा मानू नये, आणि भेटीदाखल घडवलेली त्सुबा कधी पात्यावर चढलीच नसेल हेही विसरू नये.

छायाचित्रांवरून घेताना दोन्ही बाजू, कड, भोकांच्या आतल्या भिंती, वजन आणि दोन ठिकाणची जाडी मागावी. हे द्यायला टाळाटाळ करणाऱ्याशी घासाघीस करण्यात वेळ घालवू नये.

कागद आणि कायदा

कलात्मक जपानी तलवारींच्या जतनासाठी 1948 मध्ये स्थापन झालेल्या तोक्योच्या निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या संस्थेची होझोन (‘जतनयोग्य’) आणि तोकुबेत्सु होझोन (‘विशेष जतनयोग्य’) ही प्रमाणपत्रे बाजारात प्रमाण मानली जातात. 1982 पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या प्रमाणपत्रांवर तेवढा भरवसा ठेवला जात नाही, त्यामुळे तसा कागद असलेली वस्तू पुन्हा तपासून घेतलेली बरी. आणि कागदावरचे छायाचित्र हातातल्या त्सुबेशी जुळते का, हे कोणत्याही काळातल्या कागदाबाबत पाहावे.

भारतात राहणाऱ्यांची खास चूक क्रमाची आहे. त्सुबा आधी मागवायची आणि मग परीक्षणासाठी तोक्योला पाठवायची असा बेत केला जातो. परंतु पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि वस्तू जपानी आहे एवढ्याने ही अडचण सुटेल असे धरून चालू नये. परीक्षण जपानमधल्या मध्यस्थामार्फत तिथेच उरकून मग त्सुबा मागवावी.

पावसाळ्यातली साठवण

कोकणपट्टी आणि मुंबईच्या पावसाळ्यात भिंतीवर टांगलेली किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली लोखंडी त्सुबा चार महिन्यांत गंज धरू शकते. जपानी संग्राहक किरीच्या हलक्या लाकडाच्या पेटीत, सुती गादीत ती ठेवतात. तशी पेटी नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सुती कापड आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवून चालते, मात्र पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्या लागतात. हाताळताना कडेला धरावे व घामाचे हात आधी धुऊन कोरडे करावेत. रबर आणि लोकरीचे अस्तर टाळावे, कारण त्यांतल्या गंधकाने चांदीचे जडकाम काळे पडते. तसे ते आधीच काळे पडले असेल तर चांदीचे पॉलिश लावण्याचा मोह आवरावा : पॉलिश चांदीपुरते थांबत नाही, शेजारच्या शाकुदोलाही लागते, आणि काळी पडलेली चांदी तशीच राहिली तर त्सुबेचे काहीच बिघडत नाही.