खोकून खोकून बरगडी दुखायला लागली? आमच्याकडून झालेल्या या चुका तुम्ही टाळा

मागच्या दिवाळीनंतर आईला खोकला लागला तो जाईचना. साताऱ्याला थंडी पडायला लागली होती, फटाक्यांचा धूर होता, त्यामुळे सगळ्यांनी धरूनच चाललं की हवेमुळे आहे, जाईल आठ दिवसांत. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तिला जोरात उबळ आली आणि उजव्या कुशीत काहीतरी कट् झाल्यासारखं वाटलं, आणि त्यानंतर खोकणं तर सोडाच पण शिंकणं, हसणं, कुशीवर वळणं, अंबाडा घालायला हात मागे नेणं सुद्धा तिला जमेना. पुढचे दहा दिवस आम्ही घरात जे जे केलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं. सगळं काळजीपोटीच केलं, पण त्याने तिचा त्रास वाढला हे खरंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण नंतर डॉक्टरांना खोदून खोदून जे विचारलं आणि दीड-दोन महिने तिच्याजवळ राहून जे पाहिलं ते सांगते.

आधी हे दुखतं का ते समजून घ्या

बरगड्यांच्या १२ जोड्या असतात आणि दोन-दोन बरगड्यांच्या मधे बारीक स्नायू असतात जे प्रत्येक श्वासाला काम करतात. खोकताना हे स्नायू आणि पोटाचे स्नायू एकदम झटक्याने आवळले जातात. हे दिवसातून शेकडो वेळा, असं दोन-तीन आठवडे झालं की स्नायू ताणला जातो, ज्याला आपण उसण भरली किंवा लचक भरली म्हणतो. बहुतेकांचं दुखणं एवढंच असतं आणि खोकला थांबला की दोन-तीन आठवड्यांत जातं.

दुसरा प्रकार म्हणजे बरगडी जिथे छातीच्या मधल्या हाडाला कुर्चेने जोडलेली असते तिथे सूज येते. तिथे बोटाने दाबलं की नेमकं तेच दुखणं परत जाणवतं. आणि तिसरा प्रकार, जो आईचा निघाला, तो म्हणजे बरगडीला खरोखर चीर पडणे. नुसत्या खोकल्याने हाड मोडतं यावर माझा आधी विश्वासच बसला नव्हता. डॉक्टरांनी समजावलं की पाचव्या ते नवव्या बरगडीला छातीच्या कुशीकडच्या भागात दोन मोठे स्नायू विरुद्ध दिशांनी ओढत असतात, एक वर आणि एक खाली, आणि तार सारखी वाकवत राहिलं की जशी तुटते तसं तिथे होतं. वय झालेल्या बायका, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, दम्यासाठी बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेली माणसं यांच्यात हे जास्त होतं, पण डांग्या खोकल्यासारखा भयंकर खोकला असेल तर तरुण धडधाकट माणसातही होऊ शकतं.

छाती पट्ट्याने आवळून बांधली, ही सगळ्यात मोठी चूक

बाबांचा कंबरेचा बेल्ट होता, तो आम्ही आईच्या छातीभोवती गच्च बांधला. तिला बरं वाटलं, खरंच वाटलं, आणि तिथेच फसायला होतं. छाती बांधली की दुखत नाही कारण ती हलतच नाही, आणि हलत नाही म्हणजे फुफ्फुस पूर्ण उघडत नाही, खालच्या भागात कफ साठतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. पूर्वी बरगडी मोडली की डॉक्टरच पट्टी बांधायचे, म्हणून जुन्या लोकांच्या डोक्यात ते बसलंय, पण आता ते करत नाहीत. आई चार दिवस बेल्ट लावून होती, पाचव्या दिवशी ताप आला. तो वेळेत आटोक्यात आला, पण त्या दोन रात्री मी झोपले नाही.

त्याऐवजी उशी. एक मऊ उशी किंवा घडी घातलेली चादर कायम हाताशी ठेवायची आणि उबळ येतेय असं वाटलं की ती दुखणाऱ्या जागेवर दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरायची, जरा पुढे वाकायचं, मग खोकायचं, आणि खोकून झालं की सोडून द्यायचं. आधार फक्त खोकताना, बाकीच्या वेळेला छाती मोकळी. इतकं साधं आहे, आणि दहा दिवस आम्हाला कुणी सांगितलं नाही.

खोकला दाबून धरणं आणि श्वास वरवर घेणं

दुखतं म्हणून माणूस आपोआप अर्धा श्वास घेतो आणि खोकला घशातच दाबतो. आई तर तोंडावर पदर धरून बसायची. कफ असलेला खोकला दाबला तर तो कफ जाणार कुठे? म्हणून दुखण्याची गोळी घ्यायची ती नुसती दुखू नये म्हणून नाही, तर नीट श्वास घेता यावा आणि नीट खोकता यावं म्हणून घ्यायची, हे डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. जागं असताना दर तासाला ८-१० सावकाश खोल श्वास घ्यायला लावले होते, उशी धरून. आणि कफ काढायला एक युक्ती दाखवली, आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडं ठेवून हा… हा… असं दोन-तीनदा जोरात उच्छ्वास सोडायचा, त्याने कफ वर सरकतो आणि मग एकाच खोकल्यात निघतो, दहा वेळा खोकावं लागत नाही.

सारखं झोपून राहणं पण वाईट. घरातल्या घरात फिरायचं. झोपताना पाठीला दोन-तीन उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं. उठताना सरळ उठायचंच नाही, आधी न दुखणाऱ्या कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन उठायचं. हे शिकल्यावर आईचं रात्रीचं ओरडणं थांबलं.

उसण आहे म्हणून चोळणं, आणि पायाळू माणसाकडे जाणं

आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावतात, म्हणजे जो जन्मताना पायाकडून आला त्याने पाठीला हलकेच पाय मारला की उसण उतरते म्हणतात. शेजारच्या काकूंनी त्यांच्या पुतण्याला बोलावलं, त्याने तीनदा पाय लावला, आणि त्यानंतर काकूंनी तेल गरम करून जोरजोरात चोळलं. त्या बिचाऱ्या अर्धा तास खपत होत्या, त्यांच्या मायेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आत हाडाला चीर असेल तर चोळल्याने ती सरकू शकते, आणि आईला त्या रात्री सगळ्यात जास्त दुखलं. स्नायूच ताणलाय का हाडाला काही झालंय हे कळेपर्यंत चोळणं, दाबणं, मणके-बरगड्या कडकन मोडून घेणं असलं काही नको. बाम लावायचाच असेल तर हलक्या हाताने लावा आणि त्यावर लगेच गरम शेक देऊ नका, कातडी भाजते.

शेकाचं म्हणाल तर पहिले दोन दिवस बर्फ चांगला, तोही फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, आणि नंतर गरम पाण्याची पिशवी. आईला बर्फ सोसवत नव्हता, मग आम्ही दिला नाही, त्याने काही बिघडलं नाही.

मेडिकलमधून दोन सिरप आणि तीन गोळ्या

खोकल्याची औषधं ढोबळमानाने दोन प्रकारची, एक खोकला दाबणारी आणि एक कफ पातळ करून बाहेर काढणारी. आम्ही दोन्ही एकदम देत होतो, म्हणजे एक औषध कफ सुटा करतंय आणि दुसरं तो बाहेर पडू देत नाहीये. बऱ्याच सिरपमध्ये झोप आणणारं औषध असतं, म्हाताऱ्या माणसाला त्याने गरगरतं आणि रात्री बाथरूमला जाताना पडायची भीती असते, प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची लघवी सुद्धा अडकू शकते. म्हणून खोकला कोरडा का ओला हे आधी डॉक्टरांना सांगा आणि मग एकच काय ते घ्या.

गोळ्यांचं तर फार सांभाळा. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, मोठ्या माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, मधे किमान ४ ते ६ तास, आणि २४ तासांत सगळी मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी, तेही डॉक्टरांना विचारून. लोक विसरतात ते हे की सर्दीच्या गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे नकळत डबल डोस होतो. आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक सारख्या गोळ्या उपाशीपोटी, किडनीचा त्रास किंवा अल्सर असताना, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनाने नकोत. काही दमेकऱ्यांना त्यांनी दमा उसळतो. अंगात ताप असेल आणि डेंग्यूचे दिवस असतील तर त्या अजिबात नकोत, रक्तस्रावाचा धोका असतो.

एक्स-रे क्लिअर आला म्हणजे काही नाही, असं समजणं

आईचा पहिला एक्स-रे नॉर्मल होता. आम्ही म्हणालो, बघ, काही नाहीये, उगाच घाबरतेस. आजही मला त्या वाक्याचं वाईट वाटतं. बरगडीची बारीक चीर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, दोन-तीन आठवड्यांनी हाड जुळायला लागलं की तिथे गाठीसारखं दिसतं, तेव्हा कळतं. आईचं तसंच झालं, सातवी बरगडी. पण एक गोष्ट डॉक्टरांनी स्पष्ट सांगितली, चीर दिसली काय नाही दिसली काय, उपचार जवळजवळ तोच, त्यामुळे सारखे फोटो काढत बसू नका. एक्स-रे मुख्यतः न्यूमोनिया, छातीत साठलेलं पाणी किंवा फुफ्फुसातून हवा गळतेय का हे बघायला असतो. हाड जुळायला साधारण ६ आठवडे लागतात, काहींना जास्त, तोपर्यंत भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, नातवंडं उचलणं बंद.

खोकला का आहे हे कुणी विचारलंच नाही

खरं सांगायचं तर सगळं इथेच आहे. आम्ही सगळे बरगडीच्या मागे लागलो आणि खोकला तसाच चालू, म्हणजे रोज तिथेच परत घाव. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बीपीची गोळी कुठली घेता? आईला दिवाळीच्या आधी महिनाभर रामिप्रिल चालू केली होती. या जातीच्या गोळ्यांनी काही लोकांना घशात खवखव होऊन कोरडा खोकला लागतो, आणि त्याला कितीही सिरप पाजलं तरी तो जात नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दुसऱ्या जातीची दिली आणि खोकला तीनेक आठवड्यांत हळूहळू थांबला. पण हे वाचून बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बीपी चढलं तर ते बरगडीपेक्षा कितीतरी महागात पडेल. फक्त जाऊन विचारा.

बाकी कारणंही बघावी लागतात. व्हायरलनंतर खोकला तीन-तीन, कधी आठ आठवडेही रेंगाळतो. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं झालं की ॲसिड वर येऊन खोकला येतो. दमा, सायनस, चुलीचा धूर, सिगारेट, बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छरची कॉइल. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करून घ्याच, टीबीसाठी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, औषधंही फुकट मिळतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, लोक लपवतात आणि घरातल्या लहान मुलांना लागण होते.

हे बरगडीचं नसू शकतं

दाबल्यावर दुखतंय म्हणजे हार्टचं नाही असं ठामपणे घरी बसून ठरवू नका. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकदम दम लागणे, चक्कर, ओठ निळसर पडणे, यातलं काहीही असलं तर १०८ ला फोन लावा, सकाळची वाट बघू नका. अचानक धाप आणि एका पायाची पोटरी सुजलेली, विशेषतः ऑपरेशननंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर फुफ्फुसात रक्ताची गाठ गेलेली असू शकते, तेही तितकंच तातडीचं. खोकल्यातून रक्त, थंडी वाजून ताप, वजन उतरणं, यासाठी त्याच दिवशी डॉक्टर. आणि एक जे पटकन लक्षात येत नाही, एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर अंगावर रोज बघत राहा, कारण नागीण येण्याआधी दोन-तीन दिवस नुसतंच दुखतं आणि फोड दिसल्यापासून ७२ तासांत औषध सुरू झालं तर खूप फरक पडतो.

आईच्या बाबतीत शेवटी हाडांची घनता तपासायला सांगितलं, कारण नुसत्या खोकल्याने बरगडी मोडली म्हणजे बाकीची हाडं कशी आहेत हे बघायला हवं. हाडं ठिसूळच निघाली. आता कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व चालू आहे आणि आठवड्याची एक गोळी, दर रविवारी सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. तो अर्धा तास ती खुर्चीत बसून मला फोन करते.